शुक्रवारची यादी

दर शुक्रवारी दुपारी मी अकरा नावं लिहून कागद स्वयंपाकघराच्या दारावर टाचते. माझ्या नवऱ्याच्या, विल्फच्या, जुन्या फुटबॉल क्लबात शनिवारच्या सामन्याच्या संघाची यादी अशीच लागायची. मग विल्फ चष्मा पुसत येतो, नऊ नंबरावर स्वतःचं नाव बघतो आणि खूश होऊन जुन्या बुटांना तेल चोळत बसतो. वय एक्याऐंशी. दोन वर्षं झाली, मला नर्सच समजतो.

काल अकरावं नाव मला काही केल्या आठवेना. शेवटी वैतागून माझं लग्नाआधीचं नाव लिहून टाकलं.

"सिस्टर, ही ईनिड हॉब्ली, चिप्सच्या दुकानातली?"

"हो. का, चालणार नाही?"

"छे! कोचसाहेबांना सांगा, हिला घेऊ नका. ती दिसली की माझं बॉलवर लक्षच राहत नाही." मग दाराकडे बघत हळूच म्हणाला, "तिला मी अजून काही बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

छपन्न वर्षांच्या संसारात हे त्याने मला एकदाही सांगितलं नव्हतं.