सही कुणाची

"सही तुझी हाय का न्हाय, एवढंच सांग," जिनपाल चौगुले म्हणाले.

चौगुले म्हंजे फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी. त्यांच्या टेबलावर दोन फॉर्म. एक सयाजीराव अध्यक्ष असलेल्या तालमीच्या टीमचा, दुसरा कंपनीच्या टीमचा. दोन्हीवर एकच नाव. प्रसेनजीत कांबळे, राहणार कोडोली. दोन टीमच्या फॉर्मवर सही केली की खेळाडू दोन वरसं मैदानाबाहेर, ह्यो नियम सगळ्या कोल्हापूरला पाठ. मग त्यो कितीबी भारी असंना.

आणि कंपनीची नोकरी सोमवारपासनं हुती. कायमची नोकरी. पण टीममधनं खेळणाऱ्यालाच. बंदी आली की नोकरीबी गेली.

प्रसेनजीत टेबलाम्होरं उभा हुता. सही त्येचीच हुती, दोन्हीकडं. गेल्या सीझनच्या आधी तालमीच्या पायरीवर बाळासो मामांनी त्येच्या म्होरं कोरा फॉर्म धरलाता. "सही कर गड्या, बाकीचं आमी भरतो." बाळासो तालमीचे कोच, तीस वरसं झाली. सगळी पोरं तशीच सही करायची. मामा म्हणत्यात म्हटल्यावर इचारायचं कुणी? बोलणं एका सालाचं झालंतं. मागनं सयाजीरावांनी फॉर्मात तीन साल लिवलं. वर अख्खा सीझन पोराला बेंचवर बसवलं. एक मिनिट खेळवलं न्हाय. दुसऱ्या पेठेच्या टीमला मिळू नये, एवढ्यासाठी. साल संपलं, पोराला वाटलं आपण सुटलो. त्येनं कंपनीच्या फॉर्मवर सही केली.

"ह्येला फसवलाय हे दिसतंय मला," चौगुले म्हणाले, "पर नियमात फसवणुकीचा रकाना न्हाय."

सयाजीराव खुर्चीत रेलून बसलेते. "आमचा न्हाय तर कुणाचाच न्हाय. साक्षीदार आणलाय की आमी. मामा, सांगा सायबांस्नी. सही तुमच्या म्होरं झाली का न्हाय?"

बाळासो भिंतीला टेकून उभे हुते. त्यांनी तालमीचा फॉर्म उचलला. लांब धरला, जवळ आणला.

"चष्मा इसरलोय. काय हाय ह्येच्यात?"

सयाजीराव हसले. "मामांचा चष्मा कायम घरातच. म्याचच्या दिवशी टीमची यादीसुदिक पोरंच वाचून दावत्यात."

"इंग्रजीत सही हाय. झोकात केलीया, खाली दोन रेघा," चौगुल्यांनी सांगिटलं.

बाळासोंनी मान हलवली. मग त्यांची नजर प्रसेनजीतच्या पिशवीवर गेली. पिशवीतनं बूट डोकावत हुते. सीझन संपला तरी तळाचे स्टड नव्यासारखे.

"व्हय रे प्रसेनजीत, सही तुझी का?" चौगुल्यांनी परत इचारलं.

पोरानं तोंड उघडायच्या आत बाळासो बोलले.

"त्येची न्हाय. म्या केलीया."

"मामा, अवो..."

"गप! मी बोलताना मधी बोलायचं न्हाय, किती येळा सांगिटलंय तुला?"

चौगुल्यांनी पेन खाली ठेवलं. "बाळासो, काय बोलताय कळतंय का? दुसऱ्याची सही मारलीसा, म्हंजे तुमाला मैदान बंद. जल्मभर. तिकीट काढूनबी आत सोडणार न्हाईत."

"कळतंय की."

तीस वरसात बाळासोंनी एक म्याच चुकवली न्हवती. लेकीचं लगीनसुदिक सीझन संपल्यावर धरलंतं.

सयाजीराव ताडकन उठले. खुर्ची मागं पडली. "तीस वरसं तालमीचा चहा प्यालास म्हाताऱ्या, आणि आमचंच नाक कापलंस व्हय? उद्यापासनं तालमीची पायरी चढायची न्हाय!"

सयाजीराव तरातरा जिना उतरून गेले. दार तसंच सताड उघडं.

चौगुल्यांनी रजिस्टर ओढलं. जबाब लिवला, मोठ्यानं वाचून दावला. मग रजिस्टर फिरवून बाळासोंच्या म्होरं सरकवलं, वर पेन ठेवलं.

"हितं सही करा."

बाळासोंनी पेनाला हात लावला न्हाय. मग पोराकडं पाठ केली, आणि त्येला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाले,

"सायेब, शाईचं पॅड हाय का?"

चौगुले बघतच राहिले. म्हाताऱ्याकडं बघितलं. फॉर्मवरच्या इंग्रजी सहीकडं बघितलं, खालच्या दोन रेघांकडं बघितलं.

मग उठले, दार लावून घेतलं, आणि ड्रॉवरमधनं पॅड काढून त्येचं झाकण सवताच्या हातानं उघडलं.