गेरूचे पाच दिवस

“नागीण उठल्यावर किती दिवसांनी डॉक्टरकडे गेलात?” शाहूपुरीतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

शिवय्यांनी बायकोकडे पाहिलं. उत्तर तिनं, अक्काताईंनी दिलं. “गेलोच न्हाई. गेरू लावला. मीच लावला.”

चाळीस वर्षं कुरुंदवाडात नागिणीवर गेरू लावायचा तो अक्काताईंनीच. सासूकडून आलेली विद्या. आलेल्याला परत धाडायचं नाही, आणि गेरू अंगावर असेतोवर पाच दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही. चढली की गुण गेला! नागिणीची दोन तोंडं कमरेभोवती मिळाली तर माणूस दगावतो, या धास्तीनं लोक कुठून कुठून यायचे आणि खपली धरली की नारळ ठेवून जायचे. नवऱ्याच्या बरगडीखाली फोड उठले तेव्हाही अक्काताईंनी नियम मोडला नाही. खपल्या पडल्या, कातडी साफ झाली. पुढं दोन महिने शिवय्या बसून झोपायचे, अंगात सदरा घालायचे नाहीत, विचारलं तर “उकडतंय” म्हणायचे. ऐन डिसेंबरात! “बरं झालं तरी लाड संपंनात,” असं अक्काताईंनी त्यांना चारचौघांत ऐकवलं होतं. परवा नातीनं मिठी मारली आणि या देवमाणसानं तिला ढकलून दिलं, तेव्हा कुठं अक्काताई त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या.

डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली कापूस नुसता टेकवला. शिवय्यांनी डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज नाही.

“कातडं तर साफ हाय की,” अक्काताई म्हणाल्या.

“दुखणं कातडीत नाहीच, आजी. नसेत आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू नसेच्या मुळाशी दबा धरून बसतो. वय झालं, अंगातली राखण सैल पडली, की उठतो. मग अंगातलेच राखणदार त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्या मारामारीत नस जखमी होते. चोर गेला, पण घराची मोडतोड झाली ती झालीच. आता साधा वारा लागला तरी ती नस आग लागल्यागत कळ पाठवते.”

“आदी आलो असतो तर?” अक्काताईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. “पहिल्या तीन दिवसांत गोळ्या देतो आम्ही. कदाचित इतकं राहिलं नसतं. छातीठोक नाही सांगता येत.”

‘काही फरक पडला नसता’ म्हणाल्या असत्या तर अक्काताई सुटल्या असत्या. त्या ‘कदाचित’नं त्यांना धरून ठेवलं.

दोघं बाहेर आली तर बाकावर एक गडी नारळ घेऊन बसला होता. शेजारी पदर अंगापासून लांब धरून त्याची म्हातारी आई. अक्काताईंना बघताच तो ताडकन उठला.

“मी सयाजी. गारगोटीकडनं आलोय. कुरुंदवाडला तुमच्या दारात जाऊन आलो, तर शेजारीण म्हटली शाहूपुरीच्या डॉक्टरकडं गेल्यात. डॉक्टरला बी नागीण झाली व्हय?”

अक्काताईंना हसू आलं नाही. “आईला कवा उठली?”

“परवा सांजच्याला.”

तीन दिवस अजून भरले नव्हते. अक्काताईंनी दोनदा मोजून पाहिलं.

“आत जावा. गोळ्या घ्या. आजच.”

“आन् गेरू?”

“गेरूनं गार वाटतंय, एवढंच. मी चाळीस वर्सं...” ज्यांच्याकडून नारळ घेतले त्यांतल्या कुणाकुणाला मागं काय राहिलं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

सयाजीचा विश्वास बसेना. त्याची नजर शिवय्यांच्या उघड्या बरगडीकडे गेली. “ह्यो डाग नागिणीचाच न्हवं? बगा की, किती साफ झालंय! हाताला गुण हाय तुमच्या. आमाला कशापायी परत धाडायलाईसा?”

शिवय्या पुढं झाले.

“पावणं, बोट लावा हितं.”

“अवो, नगं,” अक्काताई म्हणाल्या.

“लावा म्हणतोय न्हवं!”

सयाजीनं बिचकत बोट टेकवलं. शिवय्या असे ओरडले की आतून डॉक्टरीणबाई धावत आल्या आणि रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. म्हातारी न सांगता उठली. लेकाचा हात सोडून एकटीच डॉक्टरीणबाईंच्या मागून आत गेली. सयाजी नारळ तिथंच ठेवून तिच्यामागे पळाला.

शिवय्या घामानं निथळत बाकावर बसले. पुसायला अक्काताईंनी पदर उचलला आणि तसाच धरून ठेवला. कुठं हात लावायचा तेच त्यांना कळेना.

“दोन म्हयने घरात हूं की चूं केलं न्हाईसा,” त्या म्हणाल्या. “एकदा तरी असं वरडायचं की वो.”

“कसं वरडू?” शिवय्या म्हणाले. “तुझ्या दारात माणसं बसल्याली असायची.”