गाडीचा पिकअप

“टर्बो बसवायचा का सुपरचार्जर, ते तुमी ठरवा,” बिरप्पा म्हणाला. “पण आधी सांगा, गाडी पळवायची कुटं हाय?”

मल्लिनाथची छोटी पांढरी गाडी सोलापुरातल्या बिरप्पाच्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी होती. दुपारचा दीड वाजला होता. पत्र्याच्या शेडखाली सावली होती, पण तीही तापलेली.

“गावाकडनं हितं,” मल्लिनाथ म्हणाला. “अक्कलकोटच्या पलीकडनं. पन्नास किलोमीटर.”

“रोज?”

“न्हाय. लागलं तर.”

गाडीची ताकद वाढवून घ्यायला बिरप्पाकडं येत ती कॉलेजातली पोरं. मल्लिनाथ पंचावन्न वर्षांचा होता आणि गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. टर्बो आणि सुपरचार्जर हे शब्द तो मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकला होता. गेला महिनाभर तो तेवढंच बघत होता.

बिरप्पानं त्याला समजेल असं सांगितलं. दोन्ही यंत्रं इंजिनात जादा हवा कोंबतात, म्हणून गाडी जोर धरते. टर्बो सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरावर फिरतो, त्यामुळं पेट्रोल फार जाळत नाही.

“पण पाय दाबला की लगेच न्हाय मिळत बघा. धुराचा जोर येऊन पंखा फिरेस्तवर सेकंद-दोन सेकंद जातात. सुपरचार्जर इंजिनच्याच पट्ट्यावर चालतो. पाय पडला की गाडी पुढं. पण तो पेट्रोल लई पितो. तुमच्या हायवेला टर्बोच बरा.”

“दोन सेकंद?”

“व्हय, तेवढंच.”

“मग टर्बो नको.”

बिरप्पा हसला. “अहो, दोन सेकंदांनी काय होतंय?”

बिरप्पानं इंजिनवरची धूळ फडक्यानं पुसली. “बरं, पिकअप कमी पडतोय ते नेमकं कवा जाणवलं?”

“गेल्या महिन्यात, अकरा तारखेला. सकाळी साडेसहाला. वळसंगच्या अलीकडं.”

“गाडीत किती जण?”

“चार. मी, पोरगी अंकिता, शेजारचा शरणबसव. मागच्या सीटवर मालकीण, आडवी.”

“एसी?”

“चालू. तिला घाम सुटला होता. छातीत कळ निघत होती.” दुकानात स्क्रूचं माप सांगावं तशा आवाजात मल्लिनाथ बोलत होता. “चढाला गाडी ओढंना. पाय पार खाली दाबला होता. काटा ऐंशीच्या वर जाईना. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आणलं, तवा ती गेली होती.”

बिरप्पाच्या हातातलं फडकं थांबलं.

त्याची बायको महानंदा गेली त्या दिवशी घरातलं सगळं माणूस रडलं. अंकिता तर पाण्यालाही शिवली नव्हती. मल्लिनाथ मात्र जेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं अंघोळ केली, आलेल्यांना बसायला चटया टाकल्या. पाचव्या दिवशी दुकान उघडलं. लोक म्हणाले, धीराचा माणूस. तो धीर नव्हता. त्याच्या आत हाक मारली तर ओ द्यायला कुणीच नव्हतं. गाडी ओढली नाही, एवढी एकच गोष्ट त्याला समजत होती.

“मालक, हात!”

बिरप्पानं त्याचं मनगट धरून ओढलं. बोलता बोलता मल्लिनाथनं पंजा तापलेल्या इंजिनवर टेकवला होता. तळवा लाल झाला होता. मल्लिनाथनं तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा उलटसुलट करून बघितला. बिरप्पानं माठातलं पाणी आणून त्यावर ओतलं, संपल्यावर आणखी एक तांब्या ओतला.

“मालक, खरं सांगू का? दोन्हीतलं कायबी बसवा, पन्नास किलोमीटरला चार मिनिटं वाचतील. मधी गावं हायत, स्पीडब्रेकर हायत. इंजिन वाढवलं म्हणून रस्ता कमी हुईत न्हाय.”

“चार,” मल्लिनाथ म्हणाला.

“चारच.”

“डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तर काय तरी करता आलं असतं.” मल्लिनाथनं भिंतीवर टांगलेले पट्टे, फिल्टर, वायरींची वेटोळी एकेक करून पाहिली. “चार सुपरचार्जरची धरली. उरलेली सहा कशानं निघतील?”

तो खरोखरच विचारत होता. बिरप्पाच्या ते लक्षात आलं, आणि त्याला खाली बघावं लागलं.

मग त्यानं बॉनेट खाली घेतलं. आदळू न देता, दोन्ही हातांनी दाबून लावलं.

“आज गाडी घेऊन जावा,” तो म्हणाला. “पंधरा दिवसांनी या. तवाबी मनात आसंल तर बसवून देतो.”

“सुपरचार्जरच.”

“व्हय. सुपरचार्जरच.”

मल्लिनाथ निघाला. चौपदरी रस्ता उन्हात मोकळा पडला होता. पुढं वाहन नव्हतं. तरी त्याचा काटा तिसावर होता आणि पाय ठेवल्या जागी तसाच होता. मागून येणारे हॉर्न वाजवत, वळून बघत पुढं जात होते.

एक मोटारसायकलवाला शेजारी येऊन त्याच्याच चालीनं चालू लागला. मागं त्याची बायको बसली होती, डोक्यावर पदर धरून. मल्लिनाथनं काच खाली केली.

“काका, गाडी बंद पडायलीय का?” मोटारसायकलवाला ओरडला. “धक्का देऊ का?”

मल्लिनाथनं त्याच्याकडं पाहिलं, मग मागं बसलेल्या बाईकडं पाहिलं.

“न्हाय,” तो म्हणाला. “गाडी चांगली हाय.”