चिभडाचा पंचनामा

“‘सदर जागा पडीक असून तिचा गावाला कोणताही उपयोग नाही.’” पंचनाम्याचं शेवटचं वाक्य वाचून अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. “पंचांनी सह्या करा.”

कोणी हललं नाही.

बांधावर साठेक माणसं उभी होती. समोर मे महिन्यात भेगाळलेली तीस एकर जमीन होती. पावसाळ्यात ती पाण्यानं भरायची, हिवाळाभर दलदल राहायची, बदकं उतरायची. राळेगाव तालुक्यातलं हे गाव तिला चिभड म्हणायचं. ते बुजवून तिथं कापसाच्या जिनिंगचा, सरकी काढण्याचा कारखाना येणार होता. कापूस घरात पडून राहण्याच्या त्या वर्षांत जिनिंगला नाही म्हणणं सोपं नव्हतं. ग्रामसभेनं तरीही म्हटलं होतं.

मासे धरणारी तानाबाई पुढे आली. तिच्या हातात गाठी मारलेला दोर आणि एक वही होती. दोन वर्षं दर सोमवारी गावातल्या बाया त्या दोरानं विहिरींचं पाणी मोजत होत्या. आकडे लिहायला यवतमाळच्या कॉलेजातल्या शाल्मलीनं शिकवलं होतं. पाखरांची नावं शाल्मली बायांकडून शिकली होती.

“चिभडात पानी हाये तोवर विहिरीले पानी हाये,” तानाबाई म्हणाली. “वही पाहा.”

अधिकाऱ्यांनी वही चाळली. “चिभड भरतं तेव्हा पाऊसही पडलेलाच असतो. विहिरी पावसानं भरल्या. चिभड नसतानाचं एखादं साल दाखवा.”

“हाये न. बारा सालं झाले. पाटलानं चर खनला, पानी नाल्यात सोडलं अन् कापसाची पऱ्हाटी लावली. अकरा विहिरी आटल्या.”

“तसा तुमचा अर्ज आहे.” अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. “त्यावर जबाबही आहे. ‘मी चर खणण्याआधीच विहिरी आटल्या होत्या. चिभडाचा त्यांच्याशी संबंध नाही. सही, सदाशिवराव पाटील.’ अर्ज निकाली.”

सगळे सदाशिवरावांकडे वळले. पाच पंचांत त्यांचं नाव पहिलं होतं. कारखान्याचा रस्ता त्यांच्या शेतातून जाणार होता. सहीची अधिकाऱ्यांना खात्री होती. बारा वर्षं त्यांनी घरात चिभडाचा विषय निघू दिला नव्हता. चर खणल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बायांनी तो दगडमातीनं बुजवला, तेव्हा ते दार लावून बसले होते.

“सही तुमचीच ना?”

“माहीच.”

“मग इथंही करा.”

सदाशिवरावांनी पेन घेतलं आणि कारकुनाच्या हातात दिलं. “लिही. आधीचा जबाब खोटा. चर दिवाळीनंतर खनला. दिवाळीले विहिरी काठोकाठ होत्या. होळीले कोरड्या.”

कारकुनानं साहेबांकडे पाहिलं.

“बारा सालं तोंडात काय गुळनी धरली होती, पाटील?” मागून उकंडा म्हणाला.

“लाज धरली होती,” सदाशिवराव म्हणाले. “लिही, बापू.”

“पाटील, खोटा जबाब दिल्याचं कबूल करताय,” अधिकारी म्हणाले. “गुन्हा दाखल होईल. रस्त्याचा मोबदलाही जाईल.”

“करा दाखल. कोर्टात बी हेच सांगीन. मंग कोर्टाच्या कागदावर चढंन का चिभड गेलं तं गावाचं पानी गेलं. तो कागद तुमाले निकाली काढता येनार नाही.”

अधिकाऱ्यांनी कारकुनाकडे पाहून होकारार्थी मान हलवली. कारकुनानं लिहिलं. सदाशिवरावांनी जबाब मोठ्यानं वाचायला लावला, ऐकला आणि सही केली.

“साक्षीदार लागेल,” अधिकारी म्हणाले. “विहिरी आटताना पाहिलेला. बारा वर्षांपूर्वी या बाईंच्या अर्जाला एकही मिळाला नव्हता.”

उकंडा पुढे आला. त्याच्यामागे विमलताई, मग डोंगरसिंग. मग बांधावरची सगळीच माणसं पुढे सरकली आणि कारकुनाच्या टेबलासमोर रांग लागली. कागदावर साक्षीदारांसाठी दोनच ओळी होत्या.

तानाबाईनं रांगेवरून एक नजर फिरवली.

“आनखी कागद काढ, बापू,” ती कारकुनाला म्हणाली. “मागच्या खेपेले साक्ष मागाले गेली तं यातला एकबी घरी नव्हता.”