बॉनेटची कड

रंग जळल्याचा वास आधी पॉलिशवाल्याच्या बायकोला आला. ती मागच्या चाकाशी उकिडवी बसून ब्रशने रिम घासत होती.

"अहो, मशीन उचला! उचला आधी!"

पॉलिशवाल्याने मशीन उचललं. फिरता पॅड हळूहळू थांबला. बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे, अंगठ्याच्या नखाएवढा हिरवा रंग उडाला होता. खालचा राखाडी प्रायमर दिसत होता.

दोघंही त्या ठिपक्याकडे बघत राहिली.

गाडी पायलटबाईंची होती. बाई निवृत्त शिक्षिका. विमानाशी त्यांचा संबंध तिकिटापुरता. पण गाडी अशी हाणायच्या की गॅरेजांच्या गल्लीत सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. त्या जुन्या गाडीवर कारखान्यातून आलेला मूळ रंग अजून शाबूत होता. एकदाही पुन्हा मारलेला नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन रविवारी जमायचे, तेव्हा गर्दी या गाडीभोवतीच व्हायची. आता तो रंग इतका पातळ झाला होता, की बाई बॉनेटवरची धूळसुद्धा पॉलिशवाल्याशिवाय दुसऱ्या कोणाला पुसू देत नसत.

"पत्र्यावर हात नव्हता ठेवला?" बायकोने विचारलं. मशीन चालू असताना डावा तळवा शेजारी टेकवायचा आणि पत्रा तापला की लगेच उचलायचं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

"ठेवला होता."

"मग?"

तिने आवाज खाली आणला.

"शेजारचा पेंटर जुळवून देईल. त्यांना कळायचंही नाही."

"लपवायचं म्हणजे आणखी एक काम." तो स्टुलावर बसला. "माझ्यात नाही तेवढं त्राण. फोन लाव त्यांना."

बाई आल्या. त्यानेच त्यांना बॉनेटपाशी नेलं. "माझ्या हातून झालं," एवढंच म्हणाला. बाईंनी वाकून पाहिलं, ठिपक्यावरून बोट फिरवलं. बराच वेळ त्या सरळ झाल्या नाहीत.

"झाडाखाली कधी उभी केली नाही, चीक पडेल म्हणून," त्या म्हणाल्या. "भावाने लेकीच्या लग्नाला मागितली, तर त्याच्याशी भांडले. आणि तुमच्या हातून? तुमच्या?"

"हो."

"चावी द्या. नेते मी." पण दोन पावलं मागे सरकून त्यांनी बॉनेट पाहिलं. अर्धं लखलखत होतं, अर्धं मळकट. "अशी कशी नेऊ? अर्धी दाढी करून उठल्यासारखी दिसतेय. उरलेलं पुरं करा."

"मी नाही करणार, बाई."

"आता रुसायची पाळी तुमची का?"

"रुसलो नाही." त्याने दोन्ही हात उताणे पुढे धरले, जणू त्यात काही दिसणार होतं. "बोटांना कळत नाही. गरम, गार, काहीच. बरेच महिने झाले. मशीनच्या थरथरीने होतं म्हणे असं. डॉक्टर म्हणाले, मशीन सोडा."

सांगत होता तो बाईंना. पण त्यांच्या मागे बायको ओलं फडकं घेऊन उभी होती.

"डॉक्टरकडे कधी गेला होतात?"

"गेलो होतो."

"मला नाही सांगितलंत."

"सांगितलं असतं, तर तू मशीन उचलून माळ्यावर टाकलं असतंस."

"टाकलंच असतं!"

"मग मी काय करायचं दिवसभर? तुझ्यामागे फडकी पिळत फिरू?"

पलीकडच्या गॅरेजात कोणीतरी हातोडीने पत्रा ठोकत होतं.

बायकोने फडकं बादलीत टाकलं, हात कोरडे केले आणि मशीन उचलून त्याची वायर खांद्यावरून मागे सोडली.

"तुम्हाला येतं?" बाईंनी विचारलं.

"साध्या गाड्यांची दारं केलीत. अशा गाडीचं बॉनेट नाही केलेलं."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे.

"करा," त्या म्हणाल्या आणि दाराशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बघवणार नव्हतं त्यांना.

"कडेला टेप लाव," तो म्हणाला. तिने आधीच लावली होती. मग तो गप्प बसला. ती त्याच्यापेक्षा फार हळू करत होती. मधेच थांबून खांदा झटकायची, पॅड साफ करायची, पुन्हा सुरू. दुपार उतरली तेव्हा बॉनेट एकसारखं झालं. तेवढा ठिपका सोडून.

बाईंनी टॉर्च मारून पाहिलं. बरं म्हणाल्या नाहीत, वाईटही म्हणाल्या नाहीत. गाडीत बसल्या, काच खाली केली.

"पुढच्या खेपेला तुम्हालाच फोन करीन," त्या बायकोला म्हणाल्या. त्याच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. गाडी गल्लीतून हळू गेली.

त्याने वायर गुंडाळून ठेवली. नखांत अडकलेलं पॉलिश गरम पाण्याशिवाय निघत नाही, म्हणून मोरीतला गीझर लावला, नळ सोडला आणि खाली हात धरायला गेला. तिने मनगट धरून त्याला मागे ओढलं. नळातून वाफ निघत होती.

तिने टबात गार पाणी ओतलं, वर गरम सोडलं, बाही सारून कोपर बुडवून पाहिलं. आणखी थोडं गार घातलं. पुन्हा कोपर बुडवलं. तो हात पुढे करून थांबला होता.

"घाला आता," ती म्हणाली.