मागावरचा कान

शेडमध्ये माग सहा, त्यातले पाच चालू. खिडक्या दोन, दोन्ही बंद. ट्यूबलाइट चार. तुळईला लोखंडी कडी एक, रिकामी. हारिकानं हे सगळं वहीत उतरवलं, मग शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं आवाजमापक आईच्या मागाजवळ धरलं. अठ्ठ्याण्णव डेसिबल. पुन्हा मोजलं, सत्त्याण्णव. तिसऱ्यांदा अठ्ठ्याण्णव.

कॅमेऱ्यामागून तिची वर्गमैत्रीण शिरीषा हिनं अंगठा दाखवला.

विद्यार्थ्यांच्या राज्य विज्ञानपट स्पर्धेला बारा दिवस उरले होते. गेल्या वर्षी दोघींनी आपल्या सिरिसिल्ला गावाच्या पाण्यावर केलेली फिल्म परत आली होती. शेरा एका ओळीचा होता: मत आहे, मोजमाप नाही. तो कागद हारिकानं वहीच्या पहिल्याच पानावर चिकटवला होता. यंदा एकही वाक्य आकड्याशिवाय जाणार नव्हतं.

आणि या फिल्मचा मुख्य आकडा तिच्या आईच्या कानात होता.

सुगुणा एकोणीस वर्षं त्या शेडमध्ये माग चालवत होती. तिला कमी ऐकू येतं, याबद्दल हारिकाला शंका नव्हती. पुरावे तिनं तारखांसह लिहून ठेवले होते. अम्मा घरातसुद्धा ओरडून बोलते. काही सांगायचं असलं की आधी खांद्याला हात लावते, मग समोर येऊन उभी राहते आणि तोंडाकडे बघत बोलते. आपण दोघी बातम्यांसमोर बसलो की रिमोट उचलून आवाज वाढवते. गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण वेळेवर कळलं तर उरलेलं वाचवता येतं, हे हारिकानं वाचलं होतं. बक्षीस मिळालं तर हवंच होतं. पण अम्माचा उरलेला कान वाचायला हवा होता, ते आधी.

सुगुणा मात्र तपासणीचं नाव काढू देत नव्हती. माझ्या कानाला काय धाड भरलीय, एवढंच म्हणायची. पलीकडच्या मागावरचा कोमरय्यामामा म्हणाला, की तपासायचीच असेल तर हिची जीभ तपासा, माग बंद पडतात पण ती नाही.

पाळी संपली आणि माग थांबले. शिरीषानं कॅमेरा वळवला, तेव्हा सुगुणाच्या मुठीत कापसाचे दोन मेणचट बोळे होते. ते तिनं एका डबीत ठेवले आणि डबी कमरेला खोचली. देवाच्या वाती असतील, असं समजून हारिकानं तेवढा तुकडा कापायला सांगितला.

सुगुणानं वर तुळईकडे हात केला. "ती कडी घेतलीस का फिल्ममध्ये? तुझा पाळणा होता तिथं. कानावरून टोपरं बांधलं, की दोन मिनिटांत ओढून फेकायचीस."

विज्ञानाच्या फिल्ममध्ये पाळणे नसतात, असं हारिकानं तिला समजावलं.

मग दिवेलागणीला, तुलनेसाठी, त्यांनी बंद शेडची शांतता टिपली. ती संगणकावर घेतली तर शांततेत एक बारीक रेघ दिसत होती, चार हजार हर्ट्झच्या जवळ, सरळ आणि सलग.

"माइक बिघडलाय," हारिका म्हणाली. "इथं तर कसलाच आवाज नव्हता."

शिरीषा काहीतरी बोलली आणि तिनं खिडकीच्या काचेबाहेरच्या झुडपाकडे बोट केलं. हारिकानं पाहिलं. झुडपाचं पानही हलत नव्हतं.

"तोंडातल्या तोंडात पुटपुटू नकोस गं. तुझी ही सवय कधी जाणार?"

शिरीषा पुन्हा बोलणार तोच सुगुणानं तिच्या हातात चहाचा ग्लास दिला. मग तिनं हारिकाच्या खांद्याला हात लावला आणि समोर येऊन उभी राहिली.

"मी येते दवाखान्यात. पण माझ्यानंतर तू बसायचं, बिड्डा, माझ्या लेकी. त्याच खुर्चीत, त्याच यंत्रावर."

हारिकाला हे अनपेक्षित होतं, पण सोयीचंही होतं. तुलनेला दुसरा कान हवाच होता. शाळेत जाणारा, मागावर कधीच न बसलेला.

शनिवारी सरकारी दवाखान्यात कान तपासणाऱ्या नाझनीन मॅडमनी कॅमेऱ्यासमोर नीट समजावून सांगितलं. आवाज किती वाढवल्यावर ऐकू येतो, तो आकडा लिहायचा. आकडा जेवढा मोठा, तेवढा कान कमजोर. तीसच्या आसपास असेल तर काळजी नाही, पन्नासच्या पुढे गेला तर कानाला यंत्र लावावं लागतं. आणि गोंगाटाचा पहिला घाव बसतो तो बारीक आवाजांवर, चार हजार हर्ट्झच्या जवळ.

हारिकानं पांढऱ्या फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं, मागावरचा कान. दुसऱ्यावर, नेहमीचा कान.

काचेच्या खोलीत सुगुणा ताठ बसली. कानावर हेडफोन चढले. आवाज आला की बोट वर करायचं होतं. तिचं बोट वर जात होतं, खाली येत होतं. आई घाबरत नाही, हे बघून हारिकाला बरं वाटलं.

मग ती स्वतः आत बसली. सुरुवातीला जाडेभरडे आवाज आले, तिनं बोट वर केलं. त्यानंतर यंत्र बराच वेळ गप्प राहिलं. हेही बिघडलं, असं तिच्या मनात आलं. काचेपलीकडे नाझनीन मॅडमचा हात बटण फिरवतच होता. अम्मा कॅमेऱ्याकडे न बघता तिच्याकडे बघत होती.

बाहेर येऊन हारिकानं पेन घेतलं. मॅडमनी दिलेल्या कागदावरून तिनं चार हजार हर्ट्झचे दोन्ही आकडे फळ्यावर उतरवले, आणि शिरीषानं ते जवळून टिपले.

मागावरचा कान: तीस. नेहमीचा कान: पासष्ट.