एक नाव कमी

लीड्सला शिकत होते तेव्हा मी शनिवारी बाजार उठायच्या वेळी जायचे. तडकलेली अंडी, डागाळलेली केळी तेव्हा निम्म्या किमतीत मिळत. चहा बिनसाखरेचा प्यायची सवय केली आणि ते आईला गंमत म्हणून कळवलं. तिचं उत्तर आलं, "तुझ्या वाट्याची साखर इथे येतेच आहे. ये आणि पी गोड चहा."

चौथ्या वर्षी नागपूरला परतले, ती आईच्या तेरवीनंतर. रेशनचं कार्ड बाबांनी कधी हातातही घेतलं नव्हतं, ते आईचंच काम. म्हणून त्यावरचं तिचं नाव कापून आणायला मी गेले. तिच्या शेवटच्या दिवसांत काहीच करता आलं नव्हतं, निदान एवढं तरी माझ्या हातून व्हावं असं रांगेत वाटत होतं.

"धोंडबाभाऊ, आईचं नाव कापायचंय," असं म्हणून मी घडी घातलेलं कार्ड दुकानदारापुढे ठेवलं.

त्यांनी ते उघडलं, क्षणभर पाहिलं आणि माझ्याकडे फिरवलं. बाबांचं नाव होतं, माझं होतं. आईच्या नावावर लाल रेघ होती, विटून गेलेली.

"हे कधी कापलं?"

"तुम्ही विलायतेले गेल्या तवाच, ताई. खरं तं तुमचं कापाचं होतं. पण काकू काही आयकून नाही राहिल्या."

"काय म्हणाली?"



"म्हणे, दूर गेलेल्या पोरीचं नाव कापत नसतेत गा, धोंडबा. एकच कमी कराचं हाये नं? मंग माह्यं काप."